ती मान आणि तो मान



सज्जनहो, आपल्या मराठीत ‘मान’ हा एकच शब्द दोन लिंगांनी चालतो. ‘ती मान’ म्हणजे ग्रीवा आणि ‘तो मान’ म्हणजे मोठेपणा. पहिली देवाने दिलेली, दुसरा लोकांनी दिलेला. पहिली दुखू लागली की मनुष्य वैद्याकडे जातो. दुसरा दुखू लागला की कोठे जावे हे त्याला उमजत नाही, कारण तो रोग आहे हेच मुळी पटत नाही. माझी दोन्ही दुखणी एकाच वेळी होती. एकावर शल्यज्ञाने शस्त्र चालविले. दुसऱ्यावर कोणी चालविले तेच आज सांगावयाचे आहे.

संस्कृतात मानेला ‘शिरोधरा’ म्हणतात. शिर धारण करते ती. ‘कंधरा’ या शब्दाचाही अर्थ तोच, कारण ‘क’ म्हणजे मस्तक. पाठशाळेत हे शब्द घोकताना त्यातील भार कधी जाणवला नाही. मस्तकाचे वजन सुमारे पाच किलो असते, आणि ते सात लहानशा मणक्यांवर जन्मभर तोललेले असते. मनुष्य खाली वाकून पाहू लागला म्हणजे हा भार मानेला कितीतरी पटींनी जड होतो. आणि आम्ही काय केले? चाळीस वर्षे मांडी घालून, पोथी जमिनीवर ठेवून, तासन् तास तिच्यात डोके घातले. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी धड, मस्तक आणि मान सरळ रेषेत ठेवून बसावयास सांगितले आहे. त्यावर मी दोन-दोन तास निरूपण केले, तेही मान वाकवूनच!

प्रथम मान आखडे. मग डाव्या खांद्यातून कळ निघून मधल्या बोटापर्यंत जाऊ लागली. घरच्या मंडळींनी तेल चोळले, शेक दिला. एका केशकर्तनालयात मी हौसेने मान ‘मोडून’ घेतली आणि पुढे तीन दिवस अंथरुणावर पडून राहिलो. अशी नऊ वर्षे गेली. शेवटी एका सप्ताहात भजन रंगात आले असता हातातला टाळ गळून खाली पडला. बोटांना तो धरल्याचे भानच नव्हते. लोकांना वाटले, महाराजांची समाधी लागली. दोघे तिघे पायाही पडले. आणि सज्जनहो, मी ती समजूत दूर केली नाही. येथेच दुसऱ्या मानाचे दुखणे सुरू झाले.

एम.आर.आय. काढला. सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली चकती सरकून हाताकडे जाणाऱ्या शिरेवर बसली होती. दंडाची शक्ती कमी होत चालली होती. डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, “महाराज, मानदुखीच्या बहुतेक रोग्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. औषध, व्यायाम आणि विश्रांती यांनी ते बरे होतात. तुम्ही हे सर्व करून पाहिले आहे. आता हाताची ताकद चालली आहे. उद्या मज्जारज्जू दाबला गेला तर पाय अडखळू लागतील.”

मी विचारले, “पाठीमागून कापणार ना?”

ते म्हणाले, “नाही, पुढून. गळ्यातून.”

ही रीत अमेरिकेतील शल्यज्ञांनी १९५० नंतरच्या दशकात रूढ केली. गळ्याच्या पुढच्या बाजूस लहान छेद घ्यावयाचा, श्वासनलिका आणि अन्ननलिका हळुवार बाजूस सारावयाची, बिघडलेली चकती काढून तेथे आधार बसवावयाचा, आणि धातूच्या पट्टीने दोन मणके एकत्र धरावयाचे. पुढे काही महिन्यांत हाड जुळून येते. मात्र त्याच वाटेवर आवाजाची नाजूक शीर असते. ती ओढली गेली तर आवाज बसतो. बहुधा तो परत येतो. क्वचित पूर्ण येत नाही.

सुश्रुताचार्यांनी शरीरात एकशे सात मर्मे सांगितली आहेत. त्यांत कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या ‘नीला’ आणि ‘मन्या’ या मर्मांना इजा झाली असता मुकेपणा येतो, स्वर बिघडतो, चव कळेनाशी होते, असे म्हटले आहे. विद्यार्थिदशेत पाठ केलेले हे वाक्य त्या खोलीत माझ्यासमोर उभे राहिले. कीर्तनकाराचा गळा! त्याच्यावर शस्त्र! मी उठलो आणि घरी निघून आलो.

पुढचे चार महिने मी सर्वांना एकच सांगत होतो, “देह प्रारब्धावर सोडला आहे. नाम हेच औषध.” ऐकणारे धन्य धन्य म्हणत. खरे काय होते? मला देहाची भीती नव्हती, वेदनेचीही नव्हती. आवाज गेला तर मला कोण विचारील, ही भीती होती. वैराग्याची शाल पांघरून अहंकार बसला होता.

आमचे दापोडे पूर्वी भातशेतीचे गाव. आता भिवंडीच्या या पट्ट्यात चहूकडे गोदामे उभी राहिली आहेत. देशभरातला माल येथे उतरतो आणि येथून जातो. तेथला एक हमाल नित्य हरिपाठाला येतो. एके रात्री तो माझ्याजवळ बसला नि म्हणाला, “बुवा, एक विचारू का? रागवू नका.”

“विचार की.”

“गोणी पाठीवर घेतली की चालायला आमचे आम्ही चालतो. पण उतरायला दुसरा माणूस लागतो. एकट्याने टाकली की माल फुटतो, नाहीतर कंबर जाते. तुम्ही ओझं उतरवायला कोणाला हातच लावू देत नाही. असं का?”

मी निरुत्तर झालो. माथ्यावर भार वाहणाऱ्यांना आपण माथाडी म्हणतो. त्यांना संघटित करण्यासाठी अण्णासाहेब पाटील झटले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडींचा कायदा झाला. ज्याच्या मानेने आयुष्यभर दुसऱ्याचा भार सोसला, त्याने मला भार उतरवून घेण्याचे शास्त्र शिकविले. त्या रात्री मी घरात सांगितले, “डॉक्टरांना निरोप द्या.”

शके १९४४ च्या मार्गशीर्षात शस्त्रक्रिया ठरली. सकाळी परिचारिका आली आणि म्हणाली, “बाबा, गळ्यातली माळ काढावी लागेल.” वारकऱ्याला यापरते कठीण ते काय? बाराव्या वर्षी आळंदीस घातलेली माळ. माळ तुटली तर ती ओवून पुन्हा घालीपर्यंत अन्न घेऊ नये, असा आपला दंडक. मी थांबलो. तेव्हा आमच्या घरातून उत्तर आले, “अहो, आज तुम्हाला उपासच आहे. दंडक मोडतोय कोठे?” मला हसू आले. त्या परिचारिकेने आपले हात पुन्हा धुतले, स्वच्छ कापड पुढे केले, आणि दोन्ही हातांनी माळ त्यात घेतली. ती कोणत्या धर्माची होती ते मी विचारले नाही. तिच्या हातांत भाव होता, एवढे मी पाहिले.

शुद्धीवर आलो तेव्हा नऊ वर्षांची हातातली कळ नाहीशी झाली होती. बोटांची बधिरता मात्र जावयास पुढे कित्येक महिने लागले. मी “विठ्ठल” म्हणू गेलो, तो गळ्यातून नुसता वारा निघाला. आवाज नाही. घास उतरेना, आठ दिवस तांदळाच्या पातळ पेजेवर काढले. जखमेमुळे माळ गळ्यात घालता येईना, म्हणून ती मनगटाला दोन वेढे देऊन बांधली.

गळ्याला पट्टा लावून मी गावच्या मंदिरात जाऊ लागलो, पण गाभाऱ्यासमोर उभा राहण्यासाठी नव्हे, मागे भिंतीशी बसण्यासाठी. चाळीस वर्षांत प्रथमच मी दुसऱ्याचे कीर्तन शेवटपर्यंत ऐकले. पूर्वी ऐकत असे ते चुका काढण्यासाठी. प्रह्लादाने सांगितलेल्या नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. मी पहिली पायरी गाळूनच दुसरीवर चढलो होतो! एक तरुण कीर्तनकार माझ्याच जागी उभा होता. त्याचा सूर हलत होता, चाल चुकत होती. पण अभंगाच्या शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि माझ्याही. त्या क्षणी तो मान गळून पडला. त्यासाठी भूल द्यावी लागली नाही.

आता कोणी पूर्वपक्ष करील, “प्रारब्ध भोगूनच संपवावे ना? मग शस्त्रक्रिया कशाला?” त्याला उत्तर असे : भूक हेही प्रारब्धच, तरी आपण जेवतोच. दुखणे प्रारब्धाने आले, तसा चांगला वैद्यही प्रारब्धानेच भेटला. एक घ्यावे आणि दुसरे नाकारावे हा कोठला न्याय? देहाला उगाच पीडा देऊन त्यातील अंतर्यामीलाही कष्टविणाऱ्यांना गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. वैद्याचा हात हाही देवाचाच हात; आणि नाम हे त्या हाताला पर्याय म्हणून नव्हे, तो हात पोहोचत नाही तेथपर्यंत जाण्यासाठी आहे.

अनुभवाच्या दोन गोष्टी मायबापहो, ध्यानी धरा. पारायणाला ग्रंथ उंच ठवणीवर ठेवा, मान वाकवू नका. घटकाभराने उठून फिरा. मान मोडून घेऊ नका. आणि हातापायाची शक्ती कमी झाली, कुडत्याच्या गुंड्या लागेनाशा झाल्या, चाल डळमळली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या आमच्या माउलींनीही दुखणे लपवू नये. आळीपाळीने वृंदावन घेतल्याने भक्ती कमी होत नाही.

शके १९४५ च्या आषाढीला मला पायी जाता आले नाही. एस.टी.ने गेलो, कळसाचे दर्शन घेतले. जखम केव्हाच भरली होती. चंद्रभागेच्या तीरावर माळ पुन्हा गळ्यात घातली. ती आता बरोबर त्या व्रणावर टेकते. आवाज आला, पण पूर्वीचा नाही. वरचा सूर लागत नाही. तेथे मी थांबतो आणि मागचे टाळकरी तो सूर उचलतात. पूर्वी ही माझी उणीव वाटली असती. आता वाटते, कीर्तन आता कोठे सर्वांचे झाले. आणि त्या टाळकऱ्यांत तो हमालही उभा असतो.

तात्पर्य एवढेच. ती मान सरळ ठेवा, तो मान खाली ठेवा. ओझे जड झाले तर उतरवून घेणाऱ्याला हात लावू द्या. देव पुष्कळदा त्याच्याच रूपाने उभा असतो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!