अजून काय राहिलं?

मुदखेडसारख्या गावात नाटक बसायला लागलं की तालमीला एक माणूस सगळ्यांच्या आधी येतो. शाळेच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच असते. बाकं सरकवतो, पाणी भरून ठेवतो, लाइट गेली तर काय करायचं तेही बघून ठेवतो. मग बाकीचे येतात. कुणी रेल्वेतली ड्यूटी संपवून, कुणी पहाटेपासून फुलांच्या मळ्यात राबून. पाठांतर कच्चं असलं तरी तो रागवत नाही, "पुन्हा घेऊ," म्हणतो. राज्य हौशी नाट्य स्पर्धेसाठी नांदेडला जायचं ठरलं, तर नेपथ्य टेम्पोत चढवायलाही तोच पुढे असतो.

मुंबईच्या 'आविष्कार' या नाट्यसंस्थेत हेच काम अरुण काकडे यांनी केलं. सगळे त्यांना काकडेकाका म्हणत. १९७१ साली रंगकर्मी सुलभा आणि अरविंद देशपांडे यांच्यासोबत त्यांनी ही संस्था उभी केली. स्वतःचं नाट्यगृह नव्हतं. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग व्हायचे. जागा मिळवायची, पैसे जमवायचे, माणसं सांभाळायची, ही सगळी न दिसणारी कामं. या मंचावर आलेले कितीतरी नट-दिग्दर्शक पुढे मोठे झाले. काकडेकाका मात्र 'आविष्कार'मध्येच राहिले, ते २०१९ मध्ये जाईपर्यंत. २०१४ च्या पंढरपूरच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, याचा मला फार आनंद वाटतो. पडद्यामागच्या माणसाचा तो मान होता.

अशा माणसांना एक सवय असते. निघायच्या आधी ती एकदा मागं वळून बघतात आणि विचारतात, "अजून काय राहिलं?" पंखा बंद करायचा राहिलेला असतो, लहान मुलीला घरी सोडायचं राहिलेलं असतं. कधी एखाद्या नवख्या पोराला "आज छान बोललास" एवढंच म्हणायचं राहिलेलं असतं. त्या एका वाक्यावर तो पोरगा दुसऱ्या दिवशी वेळेआधी येतो. ही सवय दुकानात, कचेरीत, स्वयंपाकघरातही चालते. तिला वेगळा वेळ लागत नाही, जायची घाई तेवढी थोडी आवरावी लागते.

तुमच्या गावातही नाटक, वाचनालय किंवा भजनी मंडळ चालवणारा असा कुणी असेलच. आज कामावरून परतताना त्याच्याकडे जरा थांबा. "भाऊ, माझ्याजोगतं काही काम आहे का?" एवढं विचारा, आणि तो सांगेल ते आजच करून टाका.