न जन्मलेल्यांचा वाटा

भूगर्भातील तेल कोणाचे? ज्या पिढीच्या हयातीत ते उपसले जाते तिचे, की जिने अजून या जगात पाऊलही ठेवलेले नाही तिचेही? पूर्व तिमोरच्या जनतेला हा प्रश्न केवळ चिंतनापुरता नव्हता. १९७५ पासून इंडोनेशियाचा ताबा सोसलेल्या या छोट्याशा कॅथलिक देशाने ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात स्वातंत्र्याचा कौल दिला आणि त्याची शिक्षा म्हणून तेथील घरे, शाळा, दवाखाने जाळण्यात आले. २००२ साली तो स्वतंत्र झाला तेव्हा तिजोरीत फारसे काही नव्हते. मात्र तिमोर समुद्राच्या तळाशी बायु-उंदानचे तेल व वायू होते.

२००५ साली तेथील संसदेने नॉर्वेच्या धर्तीवर पेट्रोलियम निधी स्थापन केला. तेलाचे उत्पन्न त्यात जमा करावयाचे, परदेशी रोख्यांत गुंतवावयाचे आणि दरवर्षी एकूण तेलसंपत्तीच्या तीन टक्क्यांइतकेच काढावयाचे. अधिक हवे असल्यास सरकारने संसदेपुढे कारण मांडावयाचे. राखेतून उठलेल्या राष्ट्राने एवढा संयम दाखवावा, हे मला तरी विलक्षण वाटते.

पण पुढच्याच वर्षी राजधानी दिलीत दंगली उसळल्या. सुमारे दीड लाख लोक विस्थापित झाले. पैसा अमेरिकेच्या रोख्यांत आणि माणसे तंबूंत! त्यानंतरच्या सरकारांनी हात सैल केला. विस्थापितांना घरी परतण्यासाठी, स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतनापोटी रकमा दिल्या गेल्या; तीन टक्क्यांची मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडली गेली. याला सरसकट उधळपट्टी म्हणावयास माझे मन धजत नाही. योसेफाने इजिप्तमध्ये धान्य साठविले ते सुकाळात, आणि त्याच लोकांच्या पुढील दुष्काळासाठी. उपाशी माणसाला त्याने ‘नातवासाठी थांब’ असे सांगितले नव्हते.

तथापि २०२० च्या पाहणीत पाच वर्षांखालील जवळजवळ निम्मी बालके खुरटलेली आढळली. कोवळ्या वयात हुकलेली वाढ पुढे कोणताही निधी भरून देऊ शकत नाही. मर्यादा मोडली हे एकवेळ क्षम्य. ती कोणासाठी मोडली, हा प्रश्न मात्र बोचतो. लढवय्यांचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही. परंतु त्यांच्यामागे इतिहास आहे, मत आहे, मोर्चा नेण्याचे बळ आहे. कुपोषित बालकापाशी यातले काहीच नाही. आणि न जन्मलेल्याचे तर नावही नाही.

बायु-उंदानचे उत्पादन २०२५ मध्ये संपले. निधीत सुमारे १८ अब्ज डॉलर उरले आहेत. दक्षिण किनाऱ्यावर सुआई येथे २०१८ साली चौपदरी महामार्ग खुला झाला. ज्या तेलउद्योगासाठी तो बांधला, तो अद्याप तेथे उभा राहिलेला नाही.