बरे होणे म्हणजे काय?

दिवाळीत संध्याकाळी गावातून एक फेरी मारली, की एखादे घर असे दिसतेच, ज्याच्या दारात आकाशकंदील नाही, रांगोळी नाही. त्या घरातले कुणीतरी त्या वर्षी गेलेले असते. अशा घरी त्या दिवाळीत कढई चढत नाही, ही आपल्याकडची रीत. परंतु ते घर फराळावाचून राहू द्यायचे नाही, हीही रीतच. शेजारणीपाजारणी, नात्यागोत्यातल्या बायका आपापल्या घरचे चार लाडू, चार करंज्या तिथे पोचवतात. ही रीत ज्या कुणी घातली त्याला माणसाचे मन कळत होते, यात शंका नाही. पण रीत पाळणे निराळे आणि रीतीमागचे काम करणे निराळे. डबा दारात देऊन पाठ फिरवता येते. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते आहे; कारण 2024 च्या दिवाळीत मी नेमके तेच केले.

माझ्या शाळेत एक बाई गेली अकरा वर्षे माझ्याबरोबर शिकवतात. त्या ख्रिस्ती आहेत. माहेर जुन्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका खेड्यात. त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत त्यांची एकुलती एक मुलगी गेली. वय एकोणीस. तापाचे निमित्त झाले आणि नवव्या दिवशी सारे संपले. त्या नऊ दिवसांत त्यांच्या मंडळीने (चर्चच्या समाजाला ते लोक मंडळी म्हणतात) रात्ररात्र जागून प्रार्थना केली. मीही घरी देवापुढे समई लावून बसले होते. कुणाचीच प्रार्थना फळली नाही. मातीला जाऊन आले, त्यानंतर त्या घराची पायरी मी चढले ती थेट दिवाळीत, हातात फराळाचा डबा घेऊन. बाईंनी दार उघडले. मी डबा पुढे केला, 'तब्येतीला जपा' म्हटले आणि जिना उतरले.

बसायची हिंमत झाली नाही. बसून बोलायचे काय? अशा वेळी बोलायची वाक्ये आपल्याकडे तयार असतात. देवाची इच्छा. मागच्या जन्मीचे भोग. चांगली माणसेच देवाला लवकर लागतात. काळ हेच औषध. ही वाक्ये मी पुष्कळांना ऐकवली आहेत आणि माझे वडील गेले तेव्हा पुष्कळांकडून ऐकलीही आहेत. त्यांतल्या एकानेही मला धीर आला नव्हता. मग ती आपण का बोलतो? मला वाटते, ती दुःखितासाठी नसतातच. ती आपल्यासाठी असतात. समोर घडलेल्या अनर्थाला काहीतरी कारण लावले, की तो आपल्या दारी येणार नाही असे आपल्याला वाटते. आपण कारण सांगतो आणि दोन पावले मागे सरतो.

मार्चच्या सुरुवातीला बाई मला म्हणाल्या, "शुक्रवारी माहेरी बायकांचा मेळावा आहे. याल का बरोबर? एकटीनं जायचा धीर होत नाही." मी लगेच हो म्हटले. त्यात भक्तीपेक्षा अपराधाची जाणीव अधिक होती, हे कबूल करते.

मार्च महिन्यातला पहिला शुक्रवार हा ख्रिस्ती स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन. 1927 पासून तो देशोदेशी पाळला जातो, आणि दर वर्षी एका वेगळ्या देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहून देतात. 2025 साली तो 7 मार्चला आला होता आणि उपासना आली होती प्रशांत महासागरातल्या कुक बेटांवरून. पंधरा इवलीशी बेटे! तिथल्या बायकांनी मांडलेले मागणे नगरकडच्या एका खेड्यात, दगडी भिंतींच्या जुन्या चर्चमध्ये, शेतावरून आलेल्या बायका मराठीत वाचत होत्या. कांद्याची काढणी चालू होती. कितीतरी जणींच्या हातांना कांद्याचा वास येत होता. सतरंज्यांवर पन्नासेक बायका बसल्या होत्या. पेटी आणि तबला होता, टाळ होते. पहिले पद सुरू झाले आणि चाल ऐकून मला क्षणभर वाटले, हरिपाठच चालला आहे. मग आठवले, हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मुलूख. 1895 साली ते ख्रिस्ती झाले खरे, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी ख्रिस्ती भजनाला अभंगाचे आणि ओवीचे वळण मिळाले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पुढच्या रांगेत तिघी-चौघी विधवा बसल्या होत्या. आपल्या हळदीकुंकवाला त्या कुठे बसल्या असत्या, याचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. पण मी तिथे सगळेच सोन्याचे पाहिले असेही नाही. चहाची पातेली कुणी धुवायची यावरून मागच्या दारी दोघींची चांगलीच जुंपली होती. बायका त्या बायकाच.

उपासना संपली आणि पाळकीणबाईंनी शुभवर्तमानातली एक गोष्ट वाचली. एका बाईच्या अंगावरून बारा वर्षे जात होते. वैद्यांच्या पायी होते नव्हते ते सारे गेले, दुखणे मात्र वाढले. गर्दीत ती मागून आली, येशूच्या वस्त्राला तिने हळूच हात लावला आणि तत्क्षणी बरी झाली. येशू मात्र थांबला आणि मला कोण शिवले, म्हणून विचारू लागला.

ऐंशीच्या घरातल्या एक म्हाताऱ्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्या त्यांना आत्याबाई म्हणत. त्या मध्येच म्हणाल्या, "मला सांगा गं पोरींनो, हात लावताच ती बरी झाली ना? मग प्रभू थांबला कशाला? गपचूप जाऊ द्यायचं होतं की बिचारीला."

"तिचा विश्वास सगळ्यांना दिसावा म्हणून," एकजण म्हणाली.

"असंल. पण मला वाटतं, तिचं रक्त थांबलं होतं. ती बरी झाली नव्हती. बारा वर्षं बाजूला बसलेली बाई ती. बारा वर्षांत कुणी शिवलं नाही, कुणी जवळ घेतलं नाही, सणाला बोलावलं नाही. ती तशीच गेली असती तर चोरासारखी गेली असती. म्हणून त्यानं तिला थांबवलं अन् चारचौघांत मुलगी म्हणून हाक मारली. तेव्हा ती बरी झाली."

बाजूला बसणे म्हणजे काय, हे तिथल्या कुणाही बाईला सांगावे लागले नाही. शिवाय त्यांतली बरीचशी घराणी एके काळी गावकुसाबाहेरची. न शिवण्याचा अर्थ ती माणसे पुस्तकातून शिकलेली नव्हती.

इतक्यात माझ्या शेजारून आवाज आला. आमच्या बाई बोलत होत्या.

"ती बरी झाली, आत्याबाई. माझी नाही झाली. सगळ्या मंडळीनं मागितलं, तरी नाही झाली. आणि वर मला एकीनं सांगितलं, तुझा विश्वास कमी पडला असेल."

टाळ पडावा तशी शांतता पडली. मला वाटले, आता कुणीतरी एखादे वचन म्हणेल, समजूत घालील. कुणीही काही बोलले नाही. आत्याबाई गुडघ्यांवर हात देत उठल्या, बायकांमधून वाट काढत आल्या, बाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला नाही ठाऊक, बाळ. माझी दोन गेली. मी अजून विचारते त्याला. मार्था अन् मरिया, दोघी बहिणींनी त्याला तोंडावर सांगितलं, तू वेळेवर आला असतास तर आमचा भाऊ गेला नसता. तो रागावला नाही त्यांच्यावर. मरियेला रडताना बघून तोही रडला."

बाई रडल्या. मुलगी गेल्यापासून त्यांना चारचौघांत रडताना मी पाहिले नव्हते. शाळेत त्या इतक्या नेटाने वागत, की आम्ही त्यांच्या धीराचे कौतुक करत होतो. पन्नास बायकांतल्या एकीनेही त्यांना 'रडू नका' म्हटले नाही.

घरी येऊन मी हे सारे यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "यात धर्माचा काय संबंध? दहा बायका प्रेमाने जमल्या की मन हलके होते. भजनी मंडळात होईल, भिशीत होईल." हे म्हणणे अगदी टाकाऊ नाही. मायेला जातगोत नसते. पण एक गोष्ट त्यात सुटते. आमची माया पंधरा दिवस पुरते. पुढे ती थकते, कारण तिच्या गाठीला काही उत्तर नसते आणि बिनउत्तराचे दुःख पाहवत नाही. आत्याबाईंपाशीही उत्तर नव्हते. परंतु त्यांचा देव स्वतः जखमी झालेला देव होता. त्याच्यापाशी तक्रार करता येते, आणि तक्रार करणारी माणसे त्याला परकी होत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून उत्तरावाचून बसून राहण्याचे बळ त्यांच्यापाशी होते. आपल्या संतांना हे अपरिचित नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडले आहेत, आणि जनाबाईंचा विठ्ठल जात्याला हात लावायला आला आहे.

विश्वास कमी पडला, असे बाईंना म्हणणारीही ख्रिस्तीच होती, हे विसरून चालणार नाही. मागच्या जन्मीचे भोग म्हणणे आणि विश्वासाची उणीव काढणे यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही एकाच घाबरटपणाची लेकरे. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनीही येशूला विचारले होते, की पाप याचे की याच्या आईबापाचे? त्याने दोन्ही नाकारले. दुःखिताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही, हा धडा कोणत्याही धर्मात पुन्हापुन्हा शिकावा लागतो असे दिसते.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचायला काढले. 1870 नंतरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. त्यांच्या धर्मावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. 1893 मध्ये कितीतरी पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. त्या वादात आजही कुणी कोणती बाजू घ्यावी हे ज्याचे त्याने पाहावे. मी एवढेच पाहते, की 1896-97 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा, दुष्काळानेच जिचे घर धुऊन नेले होते ती बाई निराधार मुलींना आणायला निघाली आणि शेकडोंना तिने केडगावला आसरा दिला. ते मुक्ती सदन आजही उभे आहे. आणि एवढे करूनही 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. श्रद्धेने त्यांच्या वाटचे मरण टळले नाही. बायबलाच्या मराठी भाषांतराचे हाती घेतलेले काम मात्र त्यांनी टाकले नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या.

तेव्हा बरे होणे म्हणजे दुखण्याआधी होतो तसे पुन्हा होणे नव्हे. तसे कुणीच होत नाही. अपेक्षा म्हणते, मी मागितले ते मिळेल. ती मोडते तेव्हा माणूसही मोडतो. आशा निराळी. मागितलेले मिळाले नाही तरी मला कुणी टाकलेले नाही, एवढेच ती म्हणते. पण हे दुःखिताला नुसते सांगून भागत नाही. कुणीतरी शेजारी येऊन बसावे लागते, तेव्हा ते त्याला पटते.

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी बाईंना विचारले, "बरं वाटतंय का?"

"बरं नाही वाटत," त्या म्हणाल्या. "पण आज पुष्कळ दिवसांनी भूक लागली."

मग त्यांनी पिशवीतून माझा डबा काढला. चार महिने तो त्यांच्याकडेच होता. रिकामा परत करायचा नाही म्हणून आत मूठभर साखर घातली होती.

"रागावू नका, बाई," त्या म्हणाल्या. "तुमचे लाडू तेव्हा गेले नाहीत मला. तुम्ही घटकाभर बसला असतात, तर एखादा खाल्ला असता."

मी काय बोलणार? डबा मांडीवर घेऊन बसले. तसाच त्यांचा हातही घेतला.

या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एका घरी कंदील लागणार नाही. त्या घरासाठी तोच डबा भरायचा आहे. "मीही येते बरोबर," बाई म्हणाल्या आहेत. तिथे जाऊन काय बोलायचे, ते आम्ही दोघींनीही ठरवलेले नाही.