तुटलेली दोरी कोणाची?

उत्तरायणाच्या दिवशी उधन्यात जमिनीवर फारसे कोणी सापडत नाही. १४ जानेवारीला, आणि दुसऱ्या दिवशी ‘वासी उत्तरायणा’लाही, सारी वस्ती गच्चीवर असते. तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून येऊन यंत्रमागावर स्थिरावलेली आपली खानदेशी कुटुंबे, शेजारचे सुरती, ओडिशा व उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, सगळ्यांच्या गच्च्या एकमेकींना लागून. इकडचा तीळगूळ तिकडे जातो, तिकडचे उंधियू व जिलेबी इकडे येते. पतंग कापला गेला की मराठी घरातले पोरही ‘काय पो छे!’ म्हणूनच ओरडते. वर्षभर अबोला धरलेले दोन शेजारीही त्या दिवशी एकमेकांकडे फिरकी मागतात.

या खेळात फजिती ठरलेलीच. बोटे कापतात, पतंग विजेच्या तारेत अडकतो, ऐन पेचात फिरकी हातातून निसटते. सगळे हसतात, ज्याची फजिती झाली तोही हसतो. ज्या अपघाताचे दुःख आपणच सोसतो तो मैत्रीत भरच घालतो. प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्याच्या अंगावर कोसळणाऱ्या अपघाताचा.

सुती दोऱ्याला खळ, रंग आणि काचेची पूड लावून सुरतेच्या रस्त्यांवर मांजा सुततात. ही तिथली जुनी कारागिरी आहे. पुढे नायलॉनचा मांजा आला. तो सहजासहजी तुटत नाही व कुजतही नाही. पतंग कापला जातो तेव्हा जिंकणारा आरोळी ठोकतो आणि हरणारा दुसरा पतंग बांधतो. मधली लांबच लांब दोरी मात्र कोठे पडली हे कोणी पाहत नाही. ती झाड व खांब यांच्यामध्ये रस्त्यावर आडवी ताणली जाते. दुचाकीवरून येणाऱ्याला ती दिसत नाही. वेगामुळे ती त्याच्या गळ्यात रुतते. म्हणून या दिवसांत सुरतेत दुचाकीच्या हँडलवर सळईची कमान लावतात व गळ्याला जाड रुमाल गुंडाळतात. पहाटे चरायला निघालेले आणि सायंकाळी घरट्याकडे परतणारे पक्षी यांना तर रुमालही नाही. त्यांच्यासाठी गुजरात सरकार दर जानेवारीत ‘करुणा अभियान’ चालवते. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ साली नायलॉनच्या व इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातो आणि चोरून विकत घेतलाही जातो.

आता विचार करा. ज्याचा गळा कापला त्याला दोरी कोणाची हे ठाऊक नाही. ज्याची दोरी होती त्यालाही कोणाचा गळा कापला हे ठाऊक नाही. मग दोष कोणाचा?

रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवणाऱ्यांच्या क्लबांत एक जुनी पद्धत होती. पूर्वीच्या यंत्रांत एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केला, की आकाशातले विमान ताब्याबाहेर जाऊन कोसळे. महिनोन्‌महिने खपून जोडलेल्या हलक्या लाकडाचा क्षणात भुगा होई. म्हणून मैदानावर एक फळी टांगलेली असे; तिच्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा एक चिमटा. तो हाती घेतल्याखेरीज कोणी बटण दाबायचे नाही. पुढे २.४ गिगाहर्ट्‌झची यंत्रे आली आणि तिची गरज बहुतेक संपली. पण तिच्यातला अर्थ संपलेला नाही. ‘माझ्या हातातल्या यंत्राने दुसऱ्याचे काही पडू शकते’, हे मानूनच तेथे खेळ सुरू होई. गच्चीवर अशी फळी नाही. तिचे काम विवेकानेच करावे लागते.

‘मी मुद्दाम थोडेच केले?’ असे आपण म्हणतो. मोशेच्या नियमशास्त्राने हा प्रश्न बारकाईने सोडवला आहे. लाकडे तोडताना कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारी मेला, तर तोडणाऱ्याला शरणपुरात आसरा आहे. पण बैल मारका आहे हे सांगूनही धन्याने त्याला आवरले नाही आणि त्याने माणूस मारला, तर धनी दोषी आहे. दोन्हीकडे हेतू नव्हता. फरक आहे तो पूर्वसूचनेचा. एके काळी मांजा निसटलेले पाते असेल. आज तो माहीत असलेला मारका बैल आहे. नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञाही त्याच शास्त्रात आहे. कोण पडेल हे ठाऊक नसतानाच कठडा बांधायचा असतो.

आणि फिरकी धरणाऱ्याचे काय? दोरीला त्याचा हात लागत नाही. तो फक्त ढील देतो. स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा शौलानेही दगड उचलला नव्हता, त्याने वस्त्रे सांभाळली होती. शास्त्राने त्याचे नाव तेवढ्यासाठीही नोंदवले.

कोणी म्हणेल, गरिबाचा वर्षातला हा एक सण, त्यात विघ्न का आणता? आनंद मोडावा असे कोणीच म्हणत नाही. काच लावलेला सुती मांजाही कापतो, हे खरे. म्हणून ‘मी नायलॉन वापरत नाही’ एवढ्याने हात झटकता येत नाहीत. रस्त्यापासून दूर मैदानात उडवावे, पाखरांच्या वेळा सोडाव्यात, साध्या दोऱ्याने पतंग नुसता उंच चढवण्यातही गोडी आहे हे मुलांना दाखवावे. सण सरला की झाडाखांबांवरून हाताला लागेल तेवढी दोरी गोळा करावी; विजेच्या तारांना मात्र हात लावू नये.

सर्वांत कठीण गोष्ट वेगळीच आहे. मित्राच्या फिरकीवर तो बंदीचा दोरा दिसला, तर बोलायचे की नाही? बोललो तर रंगाचा बेरंग होतो. नाही बोललो तर मैत्री टिकते असे वाटते. पण शेजाऱ्याचा दोष त्याच्यापुढे उघड मांडणे हे शास्त्राने शत्रुत्वाचे नव्हे, प्रीतीचे काम मानले आहे. ज्या मैत्रीत एवढा एक शब्द मावत नाही, ती मैत्री नव्हे, नुसती सोबत आहे. पुढच्या उत्तरायणाला गच्चीवर चढण्यापूर्वी हा शब्द मनाशी ठरवून ठेवा. फिरकी मोकळी होऊ लागली की बोलायला उसंत मिळत नाही.