क्लब बंद होतो म्हणजे नेमकं काय बंद होतं?

2010 साली महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा फुटबॉल क्लब बंद झाला. बंद पडला असं म्हणता येत नाही, कारण तो पडला नव्हता. 1962 पासून चालत आलेला संघ, 2005-06 साली नॅशनल फुटबॉल लीगचा विजेता, नावावर ड्युरंड आणि फेडरेशन कप. तो बंद केला गेला. आपल्याकडे दुकान 'बंद पडतं' आणि दुकान 'बंद करतात', या दोन वाक्यांत एक माणूस जास्त असतो. त्या माणसाला प्रश्न विचारायचा हक्क कोणाला आहे, हा माझा विषय.

आधी कंपनीची बाजू, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. व्यावसायिक संघावरचा खर्च थांबवून आपण शाळेतल्या मुलांच्या फुटबॉलकडे वळतोय, असं सांगितलं गेलं. हिशोब मांडून पाहा. पंचवीस-तीस पगारी खेळाडू एका बाजूला, मैदानात उतरणारी हजारो पोरं दुसऱ्या बाजूला. पैसे तेवढेच असतील तर बहुतेकांचं बोट दुसरीकडे जाईल. माझंही जातं. शिवाय पैसे त्यांचे. कुपरेजच्या स्टँडमध्ये बसणाऱ्याने तिकिटापलीकडे काय दिलं होतं?

त्याने एक सर्वनाम दिलं होतं. मॅच संपल्यावर तो 'ते जिंकले' म्हणत नाही, 'आपण जिंकलो' म्हणतो. आणि हे त्याने स्वतःहून केलेलं नसतं, त्याला तसं करायला बोलावलेलं असतं. पोस्टर, जर्सी, घोषणा, सगळ्याचा सूर 'हा तुमचा संघ' असाच. साबण विकणारी कंपनी साबण बंद करते तेव्हा आपण दुसरा घेतो. कुठलाही साबण 'मी तुमच्या शहराचा आहे' असं म्हणालेला नसतो.

पुण्याची गोष्ट याहून विचित्र आहे. तिथे 2007 मध्ये पुणे एफसी आला, 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा राहिला आणि पुढे काही वर्षांत विरून गेला. 2014 मध्ये आयएसएलबरोबर एफसी पुणे सिटी आला. बालेवाडीत नारंगी जर्सी घालून पोरं जायची. 2019 मध्ये तोही संपला आणि लीगमधली त्याची जागा नव्या मालकांच्या हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने 2022 ची फायनल जिंकली. मग 2025 मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. म्हणजे लीगच्या टेबलातली एक ओळ पुण्याहून निघून हैदराबादमार्गे दिल्लीला पोचली. आम्ही ऑफिसात सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे हलवतो तसं. आमच्याकडे ते काम नीट झालं असं तेव्हाच म्हणतात, जेव्हा वापरणाऱ्याला काही कळतही नाही. इथे फक्त वापरणाऱ्यालाच कळलं.

आता कोल्हापूर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यातली बरीच नावं कुस्तीच्या तालमींची आहेत आणि फुटबॉल तिथे नंतर आला. पण तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. तोच गणपतीचं मंडळ, तोच संध्याकाळचा कट्टा, तोच अडीअडचणीला धावणारा जमाव. छत्रपती शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठच्या पेठ तिथे असते. खेळाडू बदलतात, अलीकडे बाहेरून पैसे देऊन आणतात, आफ्रिकेतलेही येऊन खेळून गेले. तरी पाटाकडील ती पाटाकडीलच. तिच्या नावातच पत्ता आहे. हा संघ उद्या नागपूरला हलवायचा म्हटलं तर काय हलवणार? जर्सी हलेल. पेठ कशी हलणार?

माझं गाव पिंगळी, परभणीजवळचं. आमच्याकडे फुटबॉलचं नावही नव्हतं, होती ती टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा. तिथे 'पिंगळीचा संघ' म्हणून जे अकरा जण उतरायचे त्यांची कुठे नोंदणी नव्हती, मालक नव्हता, आणि दर चार-पाच वर्षांनी पोरं पुण्या-मुंबईला कामाला गेली की अख्खा संघ बदलायचा. तो वेगळा संघ झाला, असं कोणालाच वाटायचं नाही. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं, जनाबाईंचं. त्यामुळे दिंडी आम्हाला समजावून सांगावी लागत नाही. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, चालणारे म्हातारे होतात, नवे येतात, दिंडी तीच राहते. ती विकायची ठरली तर सही कोणाची घ्यायची?

इथपर्यंत येऊन मला वाटत होतं की उत्तर सापडलं. क्लब म्हणजे जागा. मग फिनलंडच्या रेइपासबद्दल वाचलं.

1891 मध्ये व्हीपुरी शहरात हा क्लब निघाला. सुरुवात व्यायामाची, आपल्या तालमीसारखीच, फुटबॉल मागाहून. व्हीपुरी तेव्हाच्या फिनलंडमधल्या मोठ्या शहरांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात ते सोव्हिएत रशियाकडे गेलं आणि त्या भागातल्या चार लाखांहून जास्त लोकांना घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये वसावं लागलं. रेइपास लाहती या दुसऱ्या शहरात उभा राहिला. नाव तेच. 1963, 1967 आणि 1970 साली त्याने देशाचं विजेतेपद मिळवलं. पुढे याच क्लबातून यारी लितमानेन नावाचा पोरगा खेळायला लागला, जो आजही फिनलंडचा सगळ्यात मोठा खेळाडू मानला जातो.

जागा गेली होती. मैदान आता परक्या देशात. तरी क्लब होता. मग पुण्याच्या जागी आलेल्या हैदराबादला आपण जे म्हणत नाही, ते लाहतीतल्या रेइपासला का म्हणतो? दोन्हीकडे शहर बदललंच ना? माझ्या मते फरक एवढाच: रेइपास आपल्या माणसांबरोबर गेला. पुण्यातली माणसं मागे राहिली. क्लब जागेत नसतो आणि कागदातही नसतो, ज्यांनी 'आपण' म्हटलं त्यांच्यात असतो. गंमत अशी की युद्धाने जे केलं नाही ते 1996 मध्ये शांतपणे झालं. लाहतीतल्याच कूसूसी या क्लबात विलीन होऊन एफसी लाहती बनला. एका शहरात दोन मोठे क्लब ठेवण्यापेक्षा एक बळकट बरा. हिशोब पुन्हा बरोबरच होता.

पण 'आपण' या शब्दावर फार लट्टू होण्यातही धोका आहे. 'आपण' आला की पाठोपाठ 'ते' येतात. कोल्हापुरात मॅचला पोलीस बंदोबस्त लागतो, दगडफेक झालेली आहे, हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले आहेत. कॉर्पोरेट संघासाठी कोणी कोणाचं डोकं फोडत नाही, हे त्याच्या बाजूनेही म्हणावं लागेल. आणि पेठेचा क्लब पगार देत नाही. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत पोचायला कोल्हापूरबाहेर पडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत यावं लागलं. ज्या पोराला फुटबॉलवर घर चालवायचं आहे त्याला मालक लागतो.

म्हणून मालकाने खर्च थांबवणं मला चूक वाटत नाही. कोणालाही कायम देत राहा असं सांगता येत नाही. चूक वाटते ती जाताना सगळं बरोबर नेण्याची. नाव, रंग, ट्रॉफ्या, खालच्या वयोगटाचे संघ, हे लोकांच्या हाती देऊन जाता येतं. मग ते जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळतील, हरतील, वर्गणी काढतील; ते त्यांचं. अर्थात नावातच कंपनी असेल तर तेही जमत नाही. 'महिंद्रा युनायटेड' हे नाव लोक कसं चालवणार? इथे ज्याने बारसं केलं त्याने दार बंद करायची किल्लीही तेव्हाच खिशात ठेवलेली असते. त्यामुळे आपल्या गावात नवा संघ येतो तेव्हा मी आधी त्याचं नाव वाचतो, खेळाडूंची यादी नंतर.

कोलकात्याच्या लोकांनी मात्र नावावरून भांडण केलं. 1889 चा मोहन बागान 2020 मध्ये एटीकेशी जोडला गेला आणि त्याच्या नावापुढे ती तीन अक्षरं लागली. चाहते ती काढा म्हणून मागे लागले. 2023 मध्ये गोव्यात फातोर्ड्याला संघ आयएसएल जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं की एटीके जाणार. आता नाव झालं मोहन बागान सुपर जायंट. पुढची अक्षरं गेली, मागे दोन शब्द लागले. आणि ते शब्द ओळखीचे वाटत असतील तर बरोबर आहे. 2016 आणि 2017 असे दोनच सीझन खेळून गेलेल्या पुण्याच्या आयपीएल संघाच्या नावातले आहेत ते, मालक तेच. तो संघ केव्हाच नाही. ते नाव मात्र लखनौला जाऊन आता कोलकात्यातही राहतं.