पहिले दोन दात

पुलगाव-आर्वी रस्त्यावरच्या रोहण्यात एका मिस्त्रींचं चेनसॉ दुरुस्तीचं दुकान होतं. पावसाळ्याच्या तोंडी वादळ झालं, धुऱ्यावरच्या बाभळी आडव्या पडल्या, की दुकानात गर्दी व्हायची. बाभूळ टणक, सालीत माती अडकलेली; चेन लवकर बोथट होते. मिस्त्री गोल कानशीने एकेक दात घासत. गिऱ्हाईक ताटकळायचं.

पुतण्याने पतसंस्थेचं कर्ज काढून आपोआप धार लावणारं मशीन आणलं. चेन पकडीत बसवायची, कोन तीस अंशांवर ठेवायचा, बटण दाबायचं. खटका दात पुढे सरकवतो, दगड खाली येतो. एका बाजूचे दात झाले की पकड फिरते आणि दुसऱ्या बाजूचे सुरू होतात. दात असे चमकायचे की लोक बघत राहायचे.

मग एक लाकूडतोड्या तक्रार घेऊन आला. "भाऊ, कटर उजवीकडेच पळते."

"बार घासला असंन," पुतण्या म्हणाला. चेन ज्यावरून फिरते तो बार गरिबाने नवा घेतला. काप तरीही तिरपाच. सरळ जावा म्हणून तो अंगाचा भार टाकून करवत रेटू लागला. असं रेटताना बारचं टोक कुठे अडकलं तर चालती करवत उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. धारेतली चूक अशी दुसऱ्याच्याच जिवावर बेतते.

तो पुन्हा आला तेव्हा मिस्त्रींनी चेन रॉकेलमध्ये धुतली आणि व्हर्नियर पुतण्याच्या हातात दिला. डावा दात साडेसात मिलिमीटर. उजवा आठ. पुढची जोडी तशीच, त्यापुढचीही तशीच.

"काकाजी, मशीनचा हात तर थरथरत नाही!"

"माह्या हात थरथरला त एक दात बिघडते. याचा थरथरत नाही, म्हून अख्खी चेन बिघडली."

दोघांनी मशीन उघडलं. पकड जिथे फिरून टेकते, त्या कोपऱ्यात चेनचं तेल, बाभळीचा डिंक आणि लोखंडाची पूड यांचा दगडासारखा थर बसला होता. पुतण्या चेन न धुताच चढवत असे. त्याने थर खरवडला, झिजलेल्या दगडाला नवा आकार दिला. मग एक डावा, एक उजवा असे दोनच दात घासले, मोजले, स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा मोजले. दोन्ही सारखे भरेपर्यंत तिसऱ्या दाताला हात लावला नाही. दातापुढचा उंचवटाही राहून गेला होता. दात झिजून खाली येतो, उंचवटा तसाच राहतो. मग कितीही धार असो, चेन लाकडात घुसत नाही. तो उंचवटा मापाची पट्टी ठेवून चपट्या कानशीने दाताच्या टोकापेक्षा साधारण पाऊण मिलिमीटर खाली आणला.

घासून गेलेलं लोखंड मात्र परत येत नाही. उजवे दात डाव्यांइतके आखूड करावे लागले. चेनचं आयुष्य तेवढं कमी झालं. पुतण्याने वही काढली, मशीन आल्यापासून ज्यांच्या चेनी घासल्या होत्या त्या सगळ्यांना फोन केले आणि त्या फुकट नीट करून दिल्या. लाकूडतोड्याला बारचे पैसे परत केले. त्या महिन्याचा हप्ता त्याने मिस्त्रींकडून उसने घेऊन भरला.

पुढच्या आठवड्यात विरूळचा एक जण घाईत आला. "टाक मशीनवर, लवकर दे."

"आधी धुतो भाऊ," पुतण्या म्हणाला आणि व्हर्नियर शोधू लागला.