ज्याचा त्याचा लेप

‘स्वतःचें’ हा शब्द मोठा मानी आहे. स्वतःचें घर, स्वतःचें मत, स्वतःची कमाई असें म्हणतांना बोलणाराची मान आपोआप किंचित् ताठ होते, आणि ती तशी व्हावी यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु अलीकडे हा शब्द ज्या ठिकाणीं येऊन बसला आहे, तेथें त्याचा अर्थ एकदां तपासून घ्यावा असें आम्हांस वाटतें. तें ठिकाण म्हणजे मध्यमवर्गीय घरांतील आरशापुढची फळी. तिच्यावर पूर्वीं पावडरचा एक डबा व थंडीच्या दिवसांपुरती कोल्ड क्रीमची एक बाटली असे. आतां तेथें औषधांच्या दुकानांत शोभाव्या अशा, रबरी टोपीच्या, थेंब मोजून काढावयाच्या कुप्यांची रांग लागलेली दिसते. यांना ‘बूस्टर’ असें म्हणतात. नेहमींच्या क्रीममध्यें या तीव्र अर्काचे दोनतीन थेंब ज्याला जसे हवे तसे मिसळावयाचे, आणि आपल्या त्वचेपुरता आपला लेप तयार करावयाचा, अशी ही योजना. डागांसाठीं एक, कोरडेपणासाठीं दुसरा, सुरकुत्यांसाठीं तिसरा. आज उन्हांतून आलों तर हा, उद्यां जागरण झालें तर तो. विकणारा सांगतो कीं, हा लेप जगांत दुसऱ्या कोणाचाहि नाहीं, केवळ तुमचा आहे.

तोंडाला काय लावावें हा तत्त्वचिंतनाचा विषय कसा, असें कोणी विचारील. पण मनुष्य रोज सकाळसंध्याकाळ आरशांत पाहून ज्या प्रश्नाचें उत्तर कृतीनें देत असतो, तो प्रश्न क्षुद्र म्हणून सोडून देणें तत्त्वचिंतनालाच शोभणार नाहीं.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. कॅनडांतील टोरोंटो शहरीं २०१३ सालीं स्थापन झालेल्या डेसिएम कंपनीनें २०१६ मध्यें ‘द ऑर्डिनरी’ या नांवानें आपला माल बाजारांत आणला. त्या वेळीं बाटलीला फुलाचें किंवा अप्सरेचें नांव न देतां आंतील रसायनाचें नांव व त्याचें शेंकडा प्रमाण एवढेंच तिनें छापलें: नायसिनामाइड १० टक्के, झिंक १ टक्का. यांत एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता हें आम्ही मान्य करतों. परंतु त्याबरोबर घरोघर एक अर्धवट रसायनशास्त्रहि शिरलें, आणि आंकडा मोठा तर गुण मोठा अशी समजूत रूढ झाली. वास्तविक साधें त्रैराशिक केलें तरी दिसेल कीं, १० टक्के अर्काचा एक भाग नऊ भाग क्रीममध्यें कालवला म्हणजे लेपांत तो अर्क १ टक्काच उरतो. बाटलीवरचा आंकडा बाटलीपुरता खरा. उलट पक्षीं, प्रमाण वाढवीत नेलें म्हणून गुण वाढतच जातो असेंहि नाहीं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल व त्यांचे सहकारी यांनीं डुकरांच्या त्वचेवर केलेले प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें कीं, व्हिटॅमिन सी त्वचेंत मुरावयाचें तर द्रावणाची आम्लता पुरेशी तीव्र, म्हणजे पीएच ३.५ हून कमी, असावी लागते. आणि २० टक्क्यांच्या वर कितीहि घातलें तरी मुरणारा अंश वाढत नाहीं. आतां असा आम्ल अर्क एखाद्या सौम्य क्रीममध्यें मिसळल्यावर त्याची आम्लता कायम राहील कशावरून? ज्यानें अर्क केला त्यानें पुष्कळदां तें क्रीम पाहिलेलें नसतें. ज्यानें क्रीम केलें त्याला त्या अर्काचा पत्ता नसतो. आणि दोघांची गांठ घालून देणारा बहुधा कायद्याचा किंवा हिशेबनिसीचा पदवीधर असतो.

शिवाय त्वचेचा मुख्य धर्म आंत घेणें हा नसून बाहेर ठेवणें हा आहे. तिचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कागदाहूनहि पातळ. पण शरीरांतील पाणी आंत व बाहेरचे रोगजंतु बाहेर ठेवण्याचें काम तोच करतो. हा पहारेकरी दुबळा केला म्हणजे आपला माल आंत जातो खरा, परंतु त्याच्या पाठोपाठ आणखी काय जाईल याचा नेम नसतो. एकावर एक तीव्र अर्क चढविणारांना आग होणें, लाली येणें, सालपटें निघणें या तक्रारी अपरिचित नाहींत. आणि दुर्दैव असें कीं, त्या तक्रारींवर उपाय म्हणून आणखी एक कुपी घेतली जाते.

‘पण मला हें मानवतें,’ असें यावर उत्तर येतें. मानवतें हें कळलें कसें? मिल्लच्या १८४३ च्या तर्कशास्त्राशीं कॉलेजांत ज्यांचा परिचय झाला असेल, त्यांना त्याची व्यतिरेकपद्धति आठवत असेल. बाकी सर्व परिस्थिति तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी, आणि मग फरक पडल्यास तो त्या गोष्टीमुळें पडला असें म्हणावें. येथें काय होतें? एकाच आठवड्यांत चार कुप्या सुरू होतात. त्याच सुमारास पाऊस उघडतो, परीक्षा संपते, झोप पुरी होऊं लागते, आणि चेहरा उजळतो. श्रेय मात्र चौथ्या कुपीला मिळतें, कारण ती सर्वांत महाग असते. त्वचेचा बाहेरचा पडदा नवा होण्यास साधारण एक महिना लागतो. म्हणजे चार कुप्यांची खरी परीक्षा व्हावयाची तर चार महिने धीर धरावा लागेल, आणि इतका धीर ज्याच्या अंगीं आहे तो मनुष्य चार कुप्या मुळांतच घेईल किंवा नाहीं याची आम्हांस शंका आहे.

एवढ्यावरून आम्ही शृंगाराचे वैरी आहों असें कोणी समजूं नये. लेप घरीं कालवण्याची चाल आमच्याकडेहि जुनीच आहे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठीं आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, मसुरीचें पीठ हीं घरच्या वडील बाया आपल्या अंदाजानें एकत्र करीत. एका घरीं वाळा अधिक, दुसऱ्या घरीं हळद अधिक. त्या उटण्यानें कांति वाढे हें सिद्ध करून देण्याची जबाबदारी आम्ही घेत नाहीं. उन्हांत वाळलेल्या पोराच्या पाठीला तें बोचे हें मात्र पुष्कळांना आठवत असेल. पण घरांत आजोबांपासून पाळण्यांतल्या मुलापर्यंत सर्वांना उटणें एकच, आणि हें उटणें म्हणजे माझें व्यक्तित्व आहे असें म्हणण्याचें कोणाच्या स्वप्नींहि आलें नाहीं. नवीन लेपाचें नवेपण थेंब मिसळण्यांत नसून या म्हणण्यांत आहे, आणि आमचा वादहि त्याच्याशींच आहे.

व्यक्तित्वाची तरफदारी करतांना मिल्लनेंच १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथांत कोट व जोडे यांचा दृष्टांत दिला आहे. हेदेखील मापाचे असावे लागतात, तर सगळें जिणें सर्वांना एकाच मापाचें कसें पुरेल, असा त्याचा आशय. आजचा विक्रेता या दृष्टांताचा वारसदार म्हणून पुढें येतो. परंतु जोड्याचा विचार नीट केला पाहिजे. जोडा मापाचा करावयाचा तो पाय आहे तसाच राहून त्याला सुखानें चालतां यावें म्हणून. जोडे करणारा पायाचें माप घेतो तें पायाची खोड काढण्यासाठीं नव्हे. येथें माप घेतलें जातें तें चेहऱ्यांत काय कमी आहे याचें. आणि कमी तें कोणत्या चेहऱ्याच्या मानानें? तो चेहरा मात्र सर्वांना एकच नेमून दिलेला आहे: डाग नसलेला, रंध्रें न दिसणारा, वय न सांगणारा, आणि आमच्या देशांत त्याहून एक पायरी गोरा. कुप्या ज्याच्या त्याच्या, मुक्काम सर्वांचा एक. तेथें पोंचण्यास शंभर वाटा करून दिल्या म्हणून प्रवासी स्वतंत्र झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं. कोठें जावयाचें हें त्याला कोणीं विचारलें होतें काय?

गोरेपणाचा उल्लेख आम्ही उगाच केला नाहीं. १९७५ सालीं हिंदुस्थान लीव्हरनें ‘फेअर अँड लव्हली’ हें क्रीम येथें आणलें. तें एकाच मापाचें होतें, आणि तें काय करूं म्हणतें हेंहि त्याच्या नांवांतच उघड होतें. २०२० सालीं जगभर वर्णद्वेषाविरुद्ध चळवळ उठली, तेव्हां त्याच्या नांवांतील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलें. त्या क्रीममधील एक मुख्य द्रव्य नायसिनामाइड होतें. आणि आज स्वतःच्या मर्जीनें मोजून घालावयाच्या १० टक्क्यांच्या कुपींत तेंच द्रव्य आहे. द्रव्यांत दोष नाहीं; त्वचारोगतज्ज्ञ तें मुद्दाम देतात. पण आईनें जें ‘गोरी हो’ म्हणून लावलें तेंच मुलगी ‘मी माझ्यासाठीं लावतें’ म्हणून लावते, आणि दोघींच्या लग्नाच्या जाहिरातींत फारसा फरक पडलेला दिसत नाहीं.

तुमची त्वचा कोणत्या जातीची हें विचारून मग माल देण्याची पद्धत तशी जुनी आहे. १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या ‘व्होग’ मासिकांत संपादिका कॅरोल फिलिप्स यांनीं नॉर्मन ओरेन्ट्राइक या त्वचारोगतज्ज्ञाची मुलाखत छापली. आणि पुढच्याच वर्षीं या दोघांच्या साह्यानें एस्टी लॉडर कंपनीनें ‘क्लिनीक’ सुरू केलें. दुकानांत गिऱ्हाइकाला कांहीं प्रश्न विचारावयाचे, त्यावरून त्याची त्वचा चार प्रकारांपैकीं कोणती तें ठरवावयाचें, आणि त्याप्रमाणें बाटल्या द्यावयाच्या. आमच्या जुन्या वैद्यकांतहि प्रकृति पाहिल्याखेरीज औषध नसे. परंतु चांगला वैद्य प्रसंगीं ‘तुला कांहीं झालेलें नाहीं, रात्रीं लौकर नीज’ असें सांगून परत पाठवी. शेवटीं कांहींच घेऊं नका असें उत्तर निघणारी विक्रेत्याची प्रश्नावली अद्याप आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं.

आतां या विषयाची जी बाजू आम्हांस सर्वांत अस्वस्थ करते तिच्याकडे वळूं. सुरकुत्यांवर म्हणून जो रेटिनॉलचा अर्क आज विकला जातो, त्याचा जवळचा नातलग म्हणजे रेटिन-ए हें औषध. मुरुमांवरील या औषधाचें नांव पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे आल्बर्ट क्लिगमन यांच्याशीं जोडलेलें आहे. क्लिगमन यांनीं १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फिया येथील होम्सबर्ग तुरुंगांतील कैद्यांच्या अंगावर प्रयोग केले. रेटिन-ए, अंगाला लावावयाचीं सुगंधी द्रव्यें, पावडरी, आणि डायॉक्सिनसारखें विषसुद्धां तेथें माणसांच्या कातडीवर लावून पाहिलें गेलें. ते कैदी बहुसंख्य काळे होते, पुष्कळांचा खटलाहि अजून चालावयाचा होता, आणि थोड्याशा डॉलरांसाठीं ते पाठ पुढें करीत. त्या तुरुंगांत प्रथम पाऊल टाकतांना आपणांस माणसें न दिसतां एकरोगणती त्वचाच दिसली, अशा अर्थाचे उद्गार क्लिगमन यांनीं पुढें वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीजवळ काढले. १९९८ सालीं ॲलन हॉर्नब्लम यांनीं या प्रकरणावर ग्रंथ लिहिला, त्याचें नांव त्यावरूनच पडलें आहे. फिलाडेल्फिया शहरानें या गोष्टीबद्दल क्षमा मागितली ती २०२२ सालीं.

म्हणून रेटिनॉल टाकून द्यावें काय? असें आम्ही म्हणत नाहीं. ज्ञान कोणत्या मार्गानें आलें एवढ्यावरूनच तें त्याज्य ठरविलें तर अर्धें वैद्यक बुडवावें लागेल, आणि त्यानें त्या कैद्यांच्या पाठीवरचे व्रण भरून येणार नाहींत. मुरुमांनीं ज्या मुलाचें घराबाहेर पडणें नकोसें झालें आहे, त्यानें तें औषध निःशंकपणें घ्यावें. परंतु ज्या कुपीच्या मागें इतक्या माणसांची कातडी आहे, तिच्याविषयीं ‘ही केवळ माझी’ असें म्हणणें आम्हांस असह्य वाटतें. एका माणसाच्या निवडीची सोय व्हावी म्हणून दुसऱ्याला निवड म्हणून उरली नव्हती, हें जर त्या ‘स्वतःच्या’ शब्दाला ठाऊकच नसेल, तर तो शब्द मानी नसून नुसता विसराळू आहे.

आमच्या स्त्री-वाचकांपैकीं कोणी यावर म्हणतील: दिवसभर कचेरी, स्वयंपाक, मुलांचे अभ्यास, सासूबाईंचीं औषधें यांत जीव शिणल्यावर रात्रीं दहा मिनिटें दार लावून मी आरशापुढें बसतें, तीं दहा मिनिटें माझीं असतात, तेथेंहि तुम्ही आपला मिल्ल घेऊन दार ठोठावतां काय? हा आक्षेप वरील सर्व आक्षेपांहून आम्हांस वजनदार वाटतो. तीं दहा मिनिटें आम्ही हिरावून घेऊं इच्छीत नाहीं. पुरुषांना तीं न मागतां मिळतात, म्हणून त्यांना त्यांचें मोल कळत नाहीं. फक्त एवढेंच कीं, कुपींत नुसतें पाणी असतें तरी त्या दहा मिनिटांचें सुख तेंच राहिलें असतें. तें सुख लावलेल्या दाराचें आहे, आणि विक्रेता त्याची किंमत थेंबांवर लावतो.

पण त्याच दारापलीकडे तेरा वर्षांची मुलगी उभी असते. २०२४ सालीं स्वीडनमधील ‘आपोटेक यार्टाट’ या औषधांच्या मोठ्या दुकानसाखळीनें तीव्र अम्लें व व्हिटॅमिन ए असलेले लेप पंधरा वर्षांखालील मुलांना आईबापांच्या संमतीवांचून विकणें बंद केलें. त्याच वर्षीं युरोपीय संघानें चेहऱ्याच्या क्रीममधील रेटिनॉलवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. ज्या त्वचेवर सुरकुती येण्यास अजून वीस वर्षें अवकाश आहे, तिच्यासाठीं ही मुलें सुरकुत्यांचें औषध मागूं लागलीं होतीं. स्वीडनचा दुकानदार निदान वय तरी विचारतो. आमच्याकडे ती मुलगी दुकानांत जातच नाहीं. ती आईच्या फळीवरची कुपी उचलते, आईसारखेच तीन थेंब तळहातावर मोजते, आणि हें कशाकरितां असें कोणी विचारल्यास आईकडे बोट दाखविते.